डावीकडची खिडकी

६ जानेवारी, मंगळवार. बेहाला

कावीळ नचिकेतला झाली आणि शिक्षा मला.

डॉक्टरांनी त्याला अंथरुणातून हलू नकोस म्हणून बजावलंय. त्याचा टूर मॅनेजर सुमित, ज्याच्या जिवावर लेकाची कंपनी चालते, तो ऐन वेळी दुसरीकडे पळाला. आणि परवापासून पौलमी नावाच्या गायिकेचे आठ कार्यक्रम. कृष्णनगरला सुरुवात, तेवीस तारखेला बागबाजारला शेवट. गाणं तेवढं तिचं. आवाज, दिवे, ट्रक, गाडी, माणसं, त्यांची जेवणं, झोपायच्या जागा हे सगळं आमचं. बाई आपल्या गाडीने येणार, दोन तास गाणार, जाणार. आधी दहा तास आणि नंतर पाच तास राबणारी नऊ माणसं सांभाळायची कोणी? तर आईने.

"आई, तू कॉलेजमध्ये इतका वर्ष एक्झाम सांभाळला ना? हे तर इझी आहे." जन्मापासून घरात मराठी ऐकतोय, तरी ही तऱ्हा. पण पिवळे डोळे करून पोरगं बघायला लागलं तेव्हा मी हो म्हणून बसले.

मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. पण एकतीस वर्षं परीक्षा विभाग चालवला, सहाशे मुली एका हॉलमध्ये बसवल्या. नऊ बाप्ये म्हणजे काय! निरोपसमारंभात मिळालेली पितळी घंटा सोबत घेतली. हे म्हणाले, "जा बाई जा. जूनपासून घरात मी एकटाच परीक्षार्थी आहे."

रोजची नोंद ठेवायची सवय आहे, ती चालू ठेवणार. वही गाडीच्या पुढच्या कप्प्यात राहील. मराठीत लिहिलं की कुलूप लावल्यासारखंच. सगळे बंगाली. एक ड्रायव्हर रामाशीष तेवढा बिहारचा, पण तो अंगठेबहाद्दर असावा. गोदामातला फॉर्मसुद्धा त्याने दुसऱ्याकडून भरून घेतला.

८ जानेवारी, गुरुवार. कृष्णनगर

कपाळाला हात लावायची वेळ आली, तीही पहिल्याच दिवशी.

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं. मी पावणेसहाला घंटा घेऊन गोदामापाशी हजर. पहिला माणूस सव्वासहाला आला, शेवटचा सातला, आणि तोही लुची-आलूदम खात खात. हजेरी घेतली तर सगळे एकमेकांकडे बघून हसतात. मला "मासिमा" म्हणतात. मी यांची मावशी कधी झाले, देव जाणे.

दिव्यांचा प्रमुख बापी. अंगाने आडवा, सदा झोपलेला. मी मनातल्या मनात त्याचं नाव लोडशेडिंग ठेवलंय. आवाजाचा प्रमुख मनोहरदा. माझ्याच वयाचा, साठीचा. चौतीस वर्षं या धंद्यात आहे म्हणतात, नचिकेतही काम त्याच्याच हाताखाली शिकला. पण तोरा बघावा! गाडीत डावीकडच्या खिडकीची जागा त्याची. तिथे दुसरा बसायचा नाही. मी बसले तर सगळी गाडी गप्प झाली आणि रामाशीष इंजिनच सुरू करेना. शेवटी मीच उठले. शिवाय त्याच्याशी बोलायचं तर प्रत्येक जण आधी पुढे जाऊन उजव्या खांद्याला हात लावतो, मग तोंड उघडतो. एवढी भक्ती मी देव्हाऱ्यापुढे पाहिली नाही. मी मागून दोनदा हाक मारली, साहेबांनी मान वळवली नाही.

चहा म्हणजे साखरेचा पाक. मला गोड चहा घशाखाली उतरत नाही. पण सांगणार कोणाला?

मंडळाचे सेक्रेटरी चारला जनरेटर देणार होते. साडेसहाला दिला आणि वर माझ्यासोबत फोटो काढून घेतला. कार्यक्रम झाला. चांगला झाला असावा, लोक नाचत होते.

९ जानेवारी, शुक्रवार

आज चहा बिनसाखरेचा! न सांगता. शिस्तीचा परिणाम दिसायला लागला तर.

११ जानेवारी, रविवार. काटवा

गुडघ्याने जीव नकोसा केलाय. या गाडीची पायरी एवढी उंच की चढताना मला मागून ढकलायला माणूस लागेल, आणि ढकलून घ्यायला मी काही पोतं नाही. दिवसातून दहा वेळा चढ-उतर. कोणाच्या बापाला पत्ता नाही. लोडशेडिंग तर ट्रकमध्ये ताणून देतो. नचिकेत म्हणतो, बापी पहाटे चारला उठून दिव्यांचे मनोरे उभारतो. असेल.

दुसरी गोष्ट कुठे बोलताही येत नाही, म्हणून इथे लिहिते. मैदानावर बाईमाणसासाठी सोय म्हणून नाही. पुरुष काय, भिंतीकडे तोंड केलं की झालं. मी सकाळी आठपासून पाणी पीत नाही. काल संध्याकाळी डोकं गरगरलं. साठ वर्षांच्या बाईने ही गोष्ट कोणाला सांगायची? सांगण्यापेक्षा तहान परवडली.

१२ जानेवारी, सोमवार

आज गाडीच्या दारापाशी एक लाकडी पाट होता. नवा कोरा, खाली रबराचे तुकडे ठोकलेले. "हा कुणी ठेवला?" तर रामाशीष आकाशाकडे बघतो. बरं झालं, सामानातला असेल.

आणि योगायोग बघा. मैदानाच्या कडेला एक डॉक्टरीणबाई राहतात. त्या स्वतःहून आल्या, "दिदी, दिवसभर आमच्याकडे या-जा करा, मागचं दार उघडंच असतं." मी त्यांना ओळखतही नव्हते. एवढ्या गर्दीत त्यांनी मलाच कसं विचारावं? माणसं चांगली असतात जगात. दोन तांबे पाणी प्यायले.

बापी मात्र दिवसभर फुगलेला. माझ्याशी एक शब्द नाही. त्याला काय झालं कळत नाही. एवढा मोठा माणूस, जेवणाच्या वेळी ताट घेऊन माझ्याकडे पाठ करून बसला.

१३ जानेवारी, मंगळवार

उद्या संक्रांत. घरी असते तर गुळपोळ्या केल्या असत्या. यांना कोणी तिळगूळ देईल का? यांना म्हणजे ह्यांना, मुकुंदरावांना. स्वतःहून डबा उघडून खाणाऱ्यातले ते नव्हेत.

बापीचं कोडं सुटेना, म्हणून आज मुद्दाम मनोऱ्यावर लक्ष ठेवलं. पहाटे खरंच चारला उठतो. चाळीस फूट वर, धुक्यात, थंडीने बोटं वाकत नाहीत, आणि खाली उभ्या माणसांना वरून गाणी म्हणून हसवत असतो. मी त्याला लोडशेडिंग म्हणायला नको होतं. मनातसुद्धा.

१४ जानेवारी, बुधवार. बर्धमान

सकाळी रामाशीषने पुढ्यात तिळकूट ठेवलं. त्याच्या मुलुखातही आज तेच खातात म्हणे. मी सगळ्यांच्या हातावर तुकडा तुकडा ठेवला आणि "तिळगूळ घ्या, गोड बोला" याचा अर्थ बंगालीत सांगितला. बापीने दोन तुकडे घेतले आणि हसला! काल रुसलेला आज हसतो. पुरुषांचं काही खरं नाही.

मनोहरदाला मी डाव्या हाताला उभी राहून तिळकूट देत होते. मिनिटभर हात पुढे करून उभी! बघायला तयार नाही. मग बापीने त्याचा उजवा खांदा धरून त्याला वळवलं. घेतलं, हात जोडले, "दिदी" म्हणाला, डोळे अगदी निर्मळ. पण गुर्मी ती गुर्मीच.

१६ जानेवारी, शुक्रवार. बजबज

दोनदा लिहून खोडलं. अक्षर बघा.

मैदान ज्यूटमिलच्या भिंतीलगत, पलीकडे गंगा. दुपारी दोनला दिव्यांचा लोखंडी सांगाडा दोऱ्यांनी वर चढवत होते. मनोहरदा खाली वाकून आपल्या पेटीत वायरी ठेवत होता, उजव्या हाताला जनरेटर धडधडत होता. एक दोरी सुटली. बापी वरून, डावीकडून, जीव खाऊन ओरडला, "शोरो! शोरो!" सगळे बाजूला झाले. मी तीस हात लांब होते, मीसुद्धा मागे उडी मारली. आणि हा माणूस वाकलेलाच! शांतपणे वायर गुंडाळतोय!

रामाशीषने धावत जाऊन त्याचा दंड धरून खेचला. सांगाडा पेटीवर पडला. पेटीचा चुरा झाला.

मी सगळ्यांदेखत बोलले. "बहिरे आहात का? एवढा काय तोरा, की जीव वाचवायलाही मान वळवायची नाही?" मनोहरदा पेटीच्या फळ्या गोळा करत होता. बापी खाली उतरून मैदानातच बसला आणि लहान मुलासारखा रडला.

त्या माणसाला घरी बायको आहे, नातवंडं आहेत. मी नचिकेतला काय तोंड दाखवलं असतं?

१७ जानेवारी, शनिवार

मी काय बोलले काल. बहिरे आहात का. रागात बोलले, आणि रात्रभर तेच शब्द डोक्यात.

एकतीस वर्षं मुलींच्या माना बघण्यात गेली. कोण कुठे बघतंय, कोण बघायचं टाळतंय, हे मला लांबून कळतं. आज नाश्त्याच्या वेळी मी मनोहरदाच्या डाव्या बाजूला गेले आणि घंटा हलकेच वाजवली. आठ माना वळल्या. त्याची नाही. मग फिरून उजवीकडे गेले आणि तेवढीच हलकेच वाजवली. लगेच वळला. "काय दिदी, हजेरी?"

त्याला डाव्या कानाने काही ऐकू येत नाही. अजिबात नाही.

म्हणून ती खिडकी. तिथे बसलं की सगळी गाडी उजव्या हाताला येते. म्हणून खांद्याला हात. आणि मी मेली त्याला गुर्मी म्हणत होते.

पण मग राग आला, तो वेगळाच. म्हणजे हे सगळ्यांना ठाऊक आहे! गाण्याच्या वेळी बापीचा एक माणूस याच्या डाव्या हाताला का उभा असतो ते आता कळलं. डावीकडचा आवाज कमी-जास्त झाला की तो खांदा दाबतो, आणि हा टेबलावरची बटणं फिरवतो. अख्खी गाडी मिळून याला कॉपी पुरवतेय! आणि पर्यवेक्षक म्हणून नेमलेली मी, दहा दिवस त्यांच्यात बसून चहा पितेय.

सुतपा नावाची मुलगी होती. साडीच्या काठावर उत्तरं लिहून आणली होती. पाया पडली, रडली. मी फॉर्म भरला, तिचं वर्ष गेलं. नियम म्हणजे नियम, असं म्हणून मी त्या रात्री नीट जेवलेही होते. मग आज एवढा विचार कशाला? इथे तर वर्ष नाही, जीव जायची वेळ आली होती. उद्या नचिकेतला सगळं सांगणार. कंपनी त्याची आहे. माणसं त्याची आहेत.

१८ जानेवारी, रविवार

काय मेला दिवस! सकाळी फोन करायला गेले तर बॅटरी संपलेली आणि चार्जर नाही. नऊ जणांपैकी एकाकडेही माझ्या फोनला बसणारा चार्जर नाही! रामाशीषने आज कुठलासा जवळचा रस्ता घेतला. तीन तास नुसती शेतं, ना दुकान, ना टॉवर. बोलपूरला पोचल्यावर चार्जरचं दुकान शोधायला उतरले तर बापी माझ्यासोबत. "मासिमा, मी येतो. मासिमा, तिकडे कुत्री आहेत. मासिमा, आधी जेवा." शेवटी जेवले. जेवणात माझ्या आवडीची मुगाची डाळ आणि बेगुनी, म्हणजे वांग्याची भजी, होती, तेवढीच जमेची बाजू.

सगळे आज सुतासारखे सरळ. सहाला निघायचं तर पावणेसहालाच ओळीने उभे. कार्यक्रम तर असा झाला की पौलमीबाई स्वतः खाली येऊन मनोहरदाच्या पाया पडल्या. मला चैन पडेना.

संध्याकाळी चार्जर माझ्याच पिशवीत सापडला. मी ती पिशवी तीनदा उपसली होती. वय झालं माझं. फोन मात्र उद्यावर टाकला.

२० जानेवारी, मंगळवार

नचिकेतचा फोन. आवाजात जीव आलाय त्याच्या. "आई, बिग न्यूज आहे. पौलमीला मार्चमध्ये पाच शहरं करायचं आहे. दिल्ली, मुंबई, सगळं. पण ती म्हणते साऊंडला मनोहरदाच पाहिजे. तो असला तर कंपनी आपली, नाहीतर नाही. मी तेवीसला बागबाजारला येतो, तेव्हा हो सांगतो. तू बघितला ना त्याला? ठीक आहे ना सगळं?"

मी म्हटलं, "औषध वेळेवर घे."

स्वतःची लाज वाटते. जीभच वळली नाही. लेकाची पहिली मोठी संधी एका माणसाच्या कानावर टांगलेली, आणि त्या कानाचं गुपित माझ्या पदरात. सांगितलं तर संधी गेली आणि म्हाताऱ्याची भाकरी गेली. नाही सांगितलं तर पुन्हा कधीतरी दोरी सुटेल, आणि तेव्हा रामाशीष जवळ नसेल. घरचं झालं थोडं, आणि व्याह्याने धाडलं घोडं!

२२ जानेवारी, गुरुवार

आज मनोहरदाच्या उजव्या हाताला जाऊन बसले आणि स्पष्टच म्हटलं, "मला कळलंय."

त्याने हातातली वायर खाली ठेवली. मग म्हणाला, चार वर्षं झाली. एका सकाळी उठला तर डावीकडचं जग बंद. डॉक्टर म्हणाले, एवढी वर्षं एवढ्या आवाजात काढली, उजवाही सांभाळा. बायकोला सांगितलं, बापीला सांगितलं. नचिकेतला सांगायला रोज जातो आणि रोज परत येतो. "तो मला गुरू म्हणतो, दिदी. बहिरा गुरू कसा सांगू?"

मी म्हटलं, "बजबजला सांगाडा पडला तो तुमच्या डोक्यात पडला असता, तर काय सांगितलं असतं?"

मग ठरलं. उद्या बागबाजारला नचिकेत आला की कार्यक्रमाआधी हा स्वतः सांगणार. मी शब्द घेतला.

मग उगाच, विषय बदलायला, मी विचारलं की डावीकडचा आवाज बिघडला म्हणजे कसा ऐकू येतो. तो म्हणाला, "तापल्या तेलात पाण्याचा थेंब पडतो ना, तसा. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला लगेच कळतो."

उद्या सरस्वतीपूजा. या दिवशी बंगाली माणूस वाचत नाही, लिहीत नाही. वह्या-पुस्तकं, वाद्यं, सगळं देवीच्या पायाशी. संध्याकाळी रामाशीष आला आणि म्हणाला, "मासिमा, तुमची वही पण द्या, पूजेत ठेवतो." आता याला कोणी सांगितलं मी वही लिहिते म्हणून? बरं, एवढं लिहून देऊन टाकते.

२४ जानेवारी, शनिवार. बेहाला, गोदाम

काल लिहायचा दिवस नव्हता, म्हणून आज सगळं लिहिते.

सकाळी बागबाजारच्या मंडपात देवीसमोर मनोहरदाचे हेडफोन, बापीचे हातमोजे, गाडीची किल्ली, माझी घंटा आणि माझी वही. पुष्पांजली झाली. दुपारी मी वही उचलली. बंगाल्यांना वाचायची बंदी, मला कुठे आहे! उघडली तर सहा तारखेच्या पानावर, "अंगठेबहाद्दर" या शब्दाखाली, पेन्सिलीने, माझ्यापेक्षा सुरेख अक्षरात लिहिलेलं:

"रामाशीष प्रसाद, मैट्रिक पास, द्वितीय श्रेणी, छपरा। मासिमा, हमको बंगला लिखना नहीं आता है, इसलिए फारम दूसरे से भरवाते हैं।"

आणि शेवटच्या पानावर: "आप जो लिखती हैं, हम सबको पढ़कर सुनाते हैं। आधा समझते हैं, आधा अंदाज़ से। गलती हुई, माफ़ी। मनोहरदा को कुछ नहीं सुनाया। नचिकेत बाबू से कहना हो तो यह भी कहिएगा कि चार साल में उनका एक भी शो खराब नहीं हुआ।"

मी मंडपाच्या खुर्चीत बसूनच राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! अर्ध्या हिंदुस्थानात देवनागरी वाचतात आणि मी बाई इथे जन्मून, इथे म्हातारी होऊन समजत होते की मराठी म्हणजे कुलूप. बिनसाखरेचा चहा. पाट. तिळकूट. बापीचं फुगणं. चार्जर! माझी शिस्त, माझी घंटा, कशाचाही परिणाम नव्हता तो. आणि त्या डॉक्टरीणबाई. म्हणजे तेही वाचलं. आठ पुरुषांनी. त्यातल्या कोणीतरी त्या घराचं दार ठोठावून परक्या बाईला माझी अडचण सांगितली, आणि मला कधीही कळू दिलं नाही. तोंड कुठे लपवू असं झालं. आणि रडू आलं ते वेगळंच.

रागवायला उठले होते. रामाशीष समोर आला, कान पकडून उभा. म्हटलं, "द्वितीय श्रेणी? गणितात मार खाल्ला असशील." म्हणाला, "जी."

चार वाजता नचिकेत आला. माकडटोपी घातलेला, अर्ध्या वजनाचा. मनोहरदा टेबलापाशी वायरी जोडत होता. मी वाट बघितली. पाच वाजले. नचिकेत त्याच्या पाया पडला, मार्चचं सगळं सांगायला लागला, दिल्लीचं स्टेज केवढं, मुंबईचं केवढं. मनोहरदा मान डोलावत राहिला. साडेपाचला पौलमीबाईंची गाडी आली. नचिकेत म्हणाला, "आई, मी तिला हो सांगून येतो."

मी मनोहरदाकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि सावकाश मान वळवून डावा कान माझ्याकडे केला.

मग मीच बोलले. "थांब नचिकेत. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. चार वर्षं झाली. बजबजला सांगाडा त्यांच्या अंगावर पडता पडता वाचला." आणि रामाशीषने लिहिलेलं वाक्यही सांगितलं, जसंच्या तसं.

नचिकेत एवढासा झाला. "सगळ्यांना माहीत होता? मलाच नाही?" मनोहरदा टेबलावरची धूळ पुसत होता, तिथे धूळ नव्हती.

पण सहाला कार्यक्रम सुरू व्हायचाच होता. डाव्या हाताला रोज उभा राहतो तो बापीचा माणूस आला नाही. "आता मासिमाच बघतील" म्हणून बापीने रागाने त्याला येऊ दिलं नाही. बापी माझ्याकडे बघतही नव्हता. मग मी जाऊन उभी राहिले. मनोहरदाने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. तिसऱ्या गाण्यात डावीकडून आवाज आला. तापल्या तेलात थेंब पडावा तसा. मी खांदा दाबला. त्याने एक बटण खाली घेतलं. आवाज स्वच्छ झाला. गाण्यातलं ओ की ठो न कळणारी मी, पण तेवढं कळलं. नचिकेत मागे उभा राहून सगळं बघत होता.

शेवटी तो माझ्याकडे आला. म्हणाला, सामान चढवता-उतरवताना मनोहरदा मैदानात पाऊल ठेवणार नाही. डाव्या हाताला कायम एक माणूस, कंपनीचा, लपूनछपून नाही. मंगळवारी कानाची तपासणी. "आणि पौलमीला मी सगळा खरा सांगितला. ती म्हणते, मंगळवारनंतर बघते. कदाचित नाही म्हणेल, आई." म्हटली तर म्हणू दे. मी असं म्हटलं खरं, पण त्याचा चेहरा बघवत नव्हता.

मनोहरदा कोणाशीही न बोलता बसने घरी गेला. हेडफोन टेबलावरच राहिले.

आज सकाळी बागबाजारहून सामान घेऊन गाडी इथे आली. डावीकडची खिडकी रिकामी होती. मी नाही, बापी नाही, कोणीच तिथे बसलं नाही. उतरताना बापीने माझ्यासाठी पाट ठेवला, पण बोलला नाही.

मी आता घरी चालले आहे. ही वही गाडीच्या कप्प्यात मुद्दाम सोडून चालले आहे.

रामाशीष, पुढचं तुझ्यासाठी आहे, अंदाजाने नको, नीट वाच. संध्याकाळी हेडफोन परत द्यायला तू त्यांच्या घरी जाशील, तेव्हा वही घेऊन जा. त्यांना सांग, मनोहरदा, मी तुम्हाला गर्विष्ठ म्हटलं, बहिरे म्हटलं, तुमच्या वाट्याचं वाक्य मीच बोलून टाकलं. पहिल्या दोन्हींची माफी मागते. तिसऱ्याची मागणार नाही, कारण तुम्ही जिवंत राहायला हवे आहात. मंगळवारी तपासणीला मी येणार आहे. दिल्ली होवो न होवो, डावीकडची जागा भरेपर्यंत मी उभी राहीन, तेलाचा आवाज मला ओळखता येतो.

पहिल्या पानापासून सगळं वाच. माझी मूर्खपणाची पानंही गाळू नकोस. त्यांच्या उजव्या हाताला बस, आणि मोठ्याने वाच.